स्टाफ गेला अन् गिऱ्हाईक घेऊन गेला : ॲग्रीमेंटमधलं ते कलम कितपत चालतं?

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथं सविस्तर लिहितो आहे.

प्रश्न जुनाच आहे. महालातल्या आपल्या बॅचमध्ये दर वेळी कोणी ना कोणी उठून विचारतंच. "सर, पोट्टं चार वर्षं माझ्याकडे शिकलं. आता नंदनवनला स्वतःचं ऑफिस टाकून बसलं अन् माझ्याच पार्ट्यांना फोन करून राहिलं. जॉइन होताना ॲग्रीमेंट केलं होतं, पाचशेच्या स्टॅम्पवर. दोन वर्षं माझ्या कस्टमरला हात लावायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. केस टाकू का?"

विचारणारे कधी टॅक्स कन्सल्टंट असतात, कधी कोचिंग क्लासवाले, कधी ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या ताई, कधी सीसीटीव्ही अन् कॉम्प्युटरच्या मेंटेनन्सचं काम घेणारे भाऊ. धंदा बदलतो, प्रश्न बदलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. फक्त त्या कागदाच्या भरवशावर केस टाकू नका. ते कलम अगदीच कामाचं नाही असं नाही, पण तुम्हाला वाटतं ते काम ते करत नाही. आणि जे काम ते करत नाही, ते त्यानं करूही नये असं मला वाटतं. मालकांना शिकवणारा माणूस असं म्हणतो म्हणून काही जण चिडतील. चिडा, पण पूर्ण वाचा, मग कॉमेंटमध्ये भांडू.

आधी त्या कागदात काय असतं ते बघू. बहुतेकांचं ॲग्रीमेंट इंटरनेटवरून उतरवलेलं किंवा मित्राच्या कंपनीचं नाव खोडून आपलं टाकलेलं. त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकाच परिच्छेदात कोंबलेल्या असतात. एक, नोकरी सोडल्यावर हाच धंदा करायचा नाही किंवा स्पर्धकाकडे जायचं नाही, म्हणजे नॉन-कॉम्पीट. दुसरी, आमच्या कस्टमरला किंवा स्टाफला ओढायचं नाही, म्हणजे नॉन-सॉलिसिटेशन. तिसरी, आमची गुपितं, याद्या, दर बाहेर न्यायचे नाहीत. कोर्टात या तिघींचं नशीब वेगवेगळं आहे. पहिली जवळपास मेलेली, दुसरी अर्धी जिवंत, तिसरी बऱ्यापैकी धडधाकट. तिन्ही एकत्र बांधल्या की पहिलीच्या वजनानं दुसरीही बुडायची भीती असते.

पहिली मेली ती भारतीय करार कायद्याच्या कलम २७ मुळे. कायदा १८७२ चा. कलम सांगतं की कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा व्यापार करण्यापासून कोणालाही रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. एक अपवाद दिला आहे : धंद्याची गुडविल विकली असेल, तर विकणाऱ्यावर ठराविक हद्दीपुरतं वाजवी बंधन घालता येतं. पगारी माणसासाठी असा अपवाद नाही.

यावरचा एक जुना खटला दुकानदारांनी ऐकावा असा आहे. कलकत्त्याचा, १८७४ चा. एकाच भागात पितळी भांड्यांचं काम करणारे दोन पक्ष. एकानं दुसऱ्याला सांगितलं, तू इथलं दुकान बंद कर, तू कारागिरांना उचल म्हणून दिलेले ९०० रुपये मी तुला देतो. त्यानं दुकान बंद केलं. पैसे काही आले नाहीत. तो कोर्टात गेला अन् हरला. कोर्ट म्हणालं, असा करारच रद्दबातल, मग पैसे कशाचे मागतोस? बंधन पूर्ण असो की थोडं, शहरभर असो की एका गल्लीपुरतं, कलम २७ फरक करत नाही. इंग्लंडमध्ये 'वाजवी असेल तर चालेल' असं कोर्टं मानत आली. आपल्याकडे १९५८ साली विधी आयोगानंही सुचवलं की वाजवी बंधनाला जागा द्या. कायदा बदलला नाही. तेव्हा "सर, मी फक्त महालापुरतं अन् फक्त एक वर्षासाठी लिहिलंय, हे तर रीझनेबल आहे ना?" याचं उत्तर असं, की रीझनेबल असेल, पण कलम ते विचारतच नाही.

आता कोणी वकील म्हणेल, गोलिकरी खटल्यात तर मालक जिंकला. जिंकला, बरोबर आहे. सुप्रीम कोर्टाचा १७ जानेवारी १९६७ चा निकाल, आणि खटला आपल्याच राज्यातला, कल्याणचा. सेंच्युरीच्या टायर कॉर्डच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर म्हणून एक जण लागले. १९६३ पासून ५ वर्षांचा करार. कंपनीनं परदेशी कंपनीकडून तंत्र घेतलं होतं, ते गुप्त ठेवायची अट होती, त्या तंत्राचं ट्रेनिंगही दिलं. हे गृहस्थ दीड-दोन वर्षांत सोडून कोट्याच्या, तेच सूत बनवणाऱ्या कारखान्यात जास्त पगारावर गेले. कोर्टानं मनाई हुकूम कायम ठेवला. पण कितीपर्यंत? ५ वर्षं संपेपर्यंत, म्हणजे मार्च १९६८ पर्यंत. पुढे एक दिवस नाही. मुदतीचा करार चालू असताना त्याच धंद्यात दुसरीकडे जाऊ नकोस, हे बंधन चालतं. आपल्याकडच्या पोराची कुठे ५ वर्षांची मुदत ठरलेली असते? महिन्याच्या नोटिशीवर काढायची सोय मालकाला हवी असते, अन् तो गेल्यावर दोन वर्षं बांधून ठेवायची सोयही हवी असते. दोन्ही एकदम मिळत नाही.

मुदत संपल्यावर काय होतं त्याचं उदाहरण श्रीरामपूरच्या झहीर खानचं. बॉलिंग टाकणारा तोच. एका मॅनेजमेंट कंपनीशी त्याचा ३ वर्षांचा करार होता, २००० ते २००३. करार संपल्यावरही, दुसऱ्या कोणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं अशी अट. मुंबई हायकोर्टातून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये निकाल झाला : करार संपल्यानंतरचं ते बंधन कलम २७ खाली टिकत नाही. झहीर तर स्टार होता, वकील लावू शकत होता. पण तोच नियम तुमच्या बिलिंग काउंटरवरच्या पोरीलाही लागू आहे.

मुंबई हायकोर्टानं एका प्रकरणात याहून पुढं जाऊन पाहिलं. व्हिसाचं काम करणाऱ्या व्हीएफएस कंपनीनं सोडून जाणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितलं, ३ महिन्यांचे पैसे घे अन् स्पर्धकाकडे जाऊ नको. पैसे देऊनही नोकरीनंतरचं ते बंधन कोर्टाला प्रथमदर्शनी मान्य झालं नाही. मुंबई हायकोर्टाचं म्हणणं आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या खंडपीठापुढेही वजनाचं असतं, हे लक्षात घ्या.

एक गंमत जाता जाता. १९८० च्या सुपरिटेंडन्स कंपनीच्या प्रकरणात करारात लिहिलं होतं, कर्मचारी कंपनी 'सोडेल' त्यानंतर दोन वर्षं असं असं करणार नाही. कंपनीनं त्याला काढलं होतं. तीनपैकी दोन न्यायमूर्ती म्हणाले, सोडणं म्हणजे स्वतःहून सोडणं, तुम्ही तर काढलं, मग अट लागूच होत नाही. कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी हा एक शब्द आठवावा.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे दुसऱ्या गोष्टीवर. धंदा कर, स्पर्धकाकडे जा, पण माझ्या गिऱ्हाइकाच्या मागे लागू नको. हे बंधन थोडं वेगळं आहे, कारण ते माणसाचं पोट बंद करत नाही. म्हणून कोर्टं इथं थोडी नरम झाली आहेत. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं डेसिकंट रोटर्सच्या प्रकरणात कंपनीची नॉन-कॉम्पीटची मागणी फेटाळली, नव्या कंपनीतली नोकरी करू दिली, पण जुन्या कंपनीच्या ग्राहकांना अन् सप्लायरना धंद्यासाठी गाठायचं नाही एवढी मनाई कायम ठेवली. कलकत्ता आणि मद्रास हायकोर्टांतही सॉलिसिटेशनचा विचार झाला आहे. त्यातून जे दिसतं ते असं : ओढणं म्हणजे काहीतरी हालचाल करणं. स्वतःहून गाठणं, सांगणं, जुन्याचं सोडून माझ्याकडे या म्हणून पटवणं. आणि ते घडलं की नाही, हा पुराव्याचा प्रश्न आहे.

इथंच आपली बहुतेक मंडळी अडकतात. गिऱ्हाईक गेलं हा पुरावा नाही. ते कसं गेलं हा पुरावा. पहिला फोन कोणी केला? तुमच्या माणसानं नवीन ऑफिसचा बोर्ड लावला, वर्तमानपत्रात जाहिरात दिली, फेसबुकवर फोटो टाकला अन् गिऱ्हाईक आपलं आपण गेलं, तर त्याला ओढणं म्हणणं कठीण आहे. तुमच्या दीडशे पार्ट्यांना त्यानं एकेक करून मेसेज टाकला, "तिथं जे देता त्यापेक्षा वीस टक्के कमी घेतो", तर ती हालचाल झाली. पण तो मेसेज तुमच्या हाती कसा येणार? गिऱ्हाइकानंच दाखवला तर. अन् जे गिऱ्हाईक तुम्हाला तो मेसेज दाखवतं, ते बहुतेक तुमच्याकडेच राहिलेलं असतं. गेलेलं गिऱ्हाईक तुमच्यासाठी साक्ष द्यायला कोर्टात येईल, ही आशा सोडा. आणि समजा मनाई हुकूम मिळाला, तरी तो त्या पोरावर. गिऱ्हाइकाला "परत ये" असं सांगायचा हुकूम कोणतंच कोर्ट देत नाही.

नुकसानभरपाईचंही तसंच. करारात 'पाच लाख दंड' असं लिहिलं म्हणून पाच लाख मिळत नाहीत. करार कायद्याचं कलम ७४ म्हणतं, लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्याच्या आत जी वाजवी असेल ती. वाजवी किती हे दाखवायला तुमची वही लागते : या पार्टीकडून वर्षाला एवढं यायचं, त्यातून एवढं सुटायचं. ज्यांची अर्धी बिलं कच्च्यात असतात, त्यांनी नुकसान किती दाखवायचं हा प्रश्न स्वतःलाच विचारावा.

मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात बाँडचे २ लाख योग्य ठरवले, ही बातमी आपल्या ग्रुपवर खूप फिरली. "आता बाँड चालतो सर" असं मला बऱ्याच जणांनी पाठवलं. नीट वाचा. तिथं अट होती ३ वर्षं नोकरी करायची, आधी सोडली तर २ लाख द्यायचे. दुसरीकडे जायला मनाई नव्हती, तो अधिकारी आयडीबीआयमध्ये गेलाच. सरकारी बँकेला भरती जाहिरात देऊन, लांबलचक प्रक्रियेतून करावी लागते, मध्येच माणूस गेला तर तो खर्च पुन्हा, हे कोर्टानं धरलं. पद सीनियर मॅनेजरचं, पगार त्या हिशोबाचा. बारा हजारांवर ठेवलेल्या पोराकडून, काउंटरवर उभं करून 'ट्रेनिंग दिलं' म्हणत दोन लाख मागणाऱ्यानं तो निकाल स्वतःच्या बाजूचा समजू नये.

आता माझं मत असं का आहे ते सांगतो, कारण हे फक्त कायद्याचं नाही.

१९३२ चा भागीदारी कायदा काढा, कलम ३६. बाहेर पडणाऱ्या भागीदाराबद्दल तिथं काय लिहिलंय बघा. तो स्पर्धेचा धंदा करू शकतो. त्याची जाहिरातही करू शकतो. पण करारात वेगळं ठरलं नसेल, तर त्यानं फर्मचं नाव वापरायचं नाही, फर्मचाच धंदा चालवतो असं भासवायचं नाही, आणि तो असताना जे फर्मशी व्यवहार करत होते त्यांना ओढायचं नाही. म्हणजे आपण स्टॅम्प पेपरवर जे लिहून मागतो ते नेमकं वाक्य कायद्यातच आहे. फक्त ते पार्टनरसाठी आहे, नोकरासाठी नाही.

का? कारण पार्टनरनं त्या गिऱ्हाइकाचा नफा खाल्लेला असतो. बाहेर पडताना गुडविलमधला हिस्सा तो मागू शकतो. जे नाव, जी ओळख, जी ये-जा त्यानं पैसे घेऊन मागे सोडली, तीच परत मागच्या दारानं नेऊ नये, हे न्यायाचंच आहे. कलम २७ चा अपवादही हाच आहे, गुडविल विकली तरच बंधन. कायद्याचा हिशोब सरळ आहे : बंधन हवं तर त्याची किंमत दिलेली पाहिजे.

आपण नोकराला काय दिलेलं असतं? महिन्याचा पगार. तो त्या महिन्याच्या कामाचा. पुढच्या दोन वर्षांच्या गप्प बसण्याचा नाही. त्यानं तुमच्या पार्ट्यांचे रिटर्न भरले, त्यांच्या घरी जाऊन सह्या आणल्या, सुटीच्या दिवशी फोन उचलले, म्हणून ती पार्टी तुमच्याकडे टिकली. त्यातून वाढलेली गुडविल पूर्ण तुमची, अन् जाताना बंधन मात्र पार्टनरचं? मला हे पटत नाही. पार्टनरचं बंधन पाहिजे असेल तर पार्टनरसारखा वाटा द्या. निदान जो माणूस तुमचे तीस-चाळीस टक्के कस्टमर एकटा सांभाळतो, त्याला तरी. वर्किंग पार्टनर करा, पाच टक्के द्या, रीतसर डीड करा. मग कलम ३६ तुमच्या बाजूनं उभं राहतं अन् त्याच्याकडेही सोडून न जाण्याचं कारण असतं. पाच टक्के म्हटलं की बॅचमध्ये शांतता पसरते, हे मी पाहिलंय. पण तेच मालक तो माणूस गेल्यावर वीस टक्के धंदा गेला म्हणून रडतात.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सर स्टाफचे वकील झाले. काही माणसं खरंच बदमाशी करतात. नोकरीत असतानाच, मालकाच्या पगारावर, मालकाच्या पार्ट्यांना "पुढच्या महिन्यापासून मी वेगळा आहे" म्हणून सांगत फिरतात. जायच्या आदल्या रात्री टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतात. हे मला अजिबात मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. नोकरी चालू असताना निष्ठेचं बंधन कलम २७ नं उडत नाही. अन् डेटा उचलणं हा तर वेगळाच विषय. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३, परवानगीशिवाय कॉम्प्युटरमधला डेटा कॉपी करणाऱ्याकडून भरपाई मागायची सोय देतं, आणि बेइमानीनं केलं असेल तर कलम ६६ खाली तो गुन्हा होतो. तिथं तुमचं ॲग्रीमेंट नसलं तरी चालतं.

तिसरी गोष्ट धडधाकट म्हणालो ती यासाठी. १९९५ मध्ये दिल्ली हायकोर्टात बर्लिंग्टन नावाच्या टपालानं वस्तू विकणाऱ्या कंपनीचं प्रकरण झालं. जुन्या कर्मचाऱ्यानं ग्राहकांची संगणकातली यादी नेली होती. मेहनतीनं, पैसा खर्चून जमवलेली यादी म्हणजे कंपनीची मालमत्ता, असं कोर्टानं धरलं अन् त्याला ती वापरायला मनाई केली. पण त्याच कोर्टात २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस बँक आपल्या जुन्या अधिकारी महिलेविरुद्ध हरली. ग्राहकांची नावं-पत्ते माहीत असणं म्हणजे गुपित चोरणं नव्हे, आणि कोणी ग्राहक आमचेच म्हणून दुसऱ्याला त्यांच्याशी व्यवहार करू द्यायचा नाही, असं बँकेला म्हणता येत नाही. फरक लक्षात येतो ना? फाइल नेली तर चोरी. डोक्यात जे आहे ते त्याचं.

महालात हा डोक्यातला भाग फार मोठा आहे. बडकस चौकापासून गांधीगेटपर्यंत चालत गेलं तर अर्धे लोक एकमेकांना ओळखतात. तुमच्याकडच्या पोरानं स्वतःच्या मावशीचं दुकान, भाच्याचा क्लासमेट, गणपती मंडळातले चार जण असे कस्टमर आणलेले असतात. तो गेल्यावर ते कोणाचे? तुमच्या ॲग्रीमेंटमध्ये 'कंपनीचे सर्व ग्राहक' लिहिलंय, म्हणजे सख्ख्या मावशीचं जीएसटीसुद्धा त्यानं करायचं नाही! असलं कलम वाचून न्यायाधीश काय विचार करत असतील, मलाच हसू येतं. अन् समजा तुम्ही ते लागू करायला गेलात, तर मावशी गप्प बसणार आहे का? दुसऱ्या दिवशी पूर्ण गल्लीला माहीत, की अमुक साहेबांनी गरिबाच्या पोरावर केस टाकली. हे नुकसान कुठल्या कलमात भरून निघणार?

मग लिहायचंच नाही का काही? लिहा. पण अरुंद लिहा. त्यानं स्वतः सांभाळलेले ग्राहक तेवढेच, तेही शेवटच्या एका वर्षातले. त्यानं स्वतः आणलेले वगळून. मुदत सहा महिने, फार तर वर्ष. मनाई फक्त स्वतःहून गाठायला, ग्राहक स्वतः आला तर नाही. नॉन-कॉम्पीटचं वाक्य काढून टाका, ते ठेवून काही मिळत नाही. गुप्ततेचं कलम वेगळं करा अन् त्यात नेमकं काय गुप्त ते लिहा : दरपत्रक, रेट काँट्रॅक्ट, पासवर्ड, पार्टीची आर्थिक माहिती. 'सर्व माहिती गुप्त' म्हणजे काहीच गुप्त नाही. अन् ते कागद मराठीत करा हो. ज्याला सही करायची त्याला कळेल अशा. शेवटी वकिलाला दाखवा, मी वकील नाही, दोन हजार वाचवायला यूट्यूबवाल्याच्या भरवशावर राहू नका.

कागदापेक्षा जास्त काम दोन साध्या गोष्टी करतात. एक म्हणजे नंबर. बहुतेक दुकानांत स्टाफ स्वतःच्या मोबाइलवरून पार्टीशी बोलतो. पार्टीच्या फोनमध्ये नाव सेव्ह असतं ते त्या पोराचं, तुमचं नाही. चार वर्षं हे तुम्हीच चालू दिलं. फर्मच्या नावावर सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करा, माणूस बदलला तरी नंबर काउंटरवरच. महिन्याचा खर्च तीन-चारशे. दुसरी गोष्ट, महत्त्वाच्या पार्टीशी वर्षातून दोनदा तरी मालकानं स्वतः बोलायचं. बिलासाठी नाही, हालहवाल विचारायला. ज्या पार्टीनं तीन वर्षांत तुमचं तोंड पाहिलं नाही, ती 'तुमची' कशी हो?

एक गोष्ट मात्र करू नका, अन् ही आपल्याकडे सर्रास चालते. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं, सही केलेला कोरा चेक ठेवून घेणं, शेवटचा पगार दाबणं. हे करार मोडल्याचं औषध नाही, ही दादागिरी आहे. २०१९ च्या वेतन संहितेत राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचं लिहिलंय. त्याचा पगार दाबून तुम्ही कोर्टात न्याय मागायला गेलात, तर पहिला प्रश्न तुम्हालाच येईल. मनाई हुकूम मागणारा स्वतः स्वच्छ हातानं आला पाहिजे, हे कोर्टं नेहमी बघतात.

स्टाफनं स्टाफला ओढण्याबद्दल थोडक्यात. जाताना तो आणखी दोघांना घेऊन गेला, तर ते दोघं तिथं नोकरी करू शकत नाहीत असं होत नाही. त्यांचा हक्क त्यांचा. दोन कंपन्यांनी आपसात एकमेकांचे लोक ओढायचे नाहीत असं ठरवलं असेल, तर विप्रोच्या २००६ च्या प्रकरणात दिल्ली हायकोर्टानं ते कर्मचाऱ्यावरचं बंधन नाही म्हणून वैध मानलं. पण लागलेल्यांची नोकरी काढून घेतली नाही, प्रश्न भरपाईवर नेला.

आणि आता दुसऱ्या टोकाकडून बघा, कारण आज ज्याचा माणूस गेला तोच उद्या दुसऱ्याचा माणूस ठेवतो. इंटरव्ह्यूला आलेला पोरगा म्हणतो, "सर, माझ्याकडे तिकडच्या दोनशे पार्ट्यांची लिस्ट आहे", अन् आपले डोळे चमकतात. तिथंच थांबा. ती लिस्ट तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आली की प्रतिवादी नंबर दोन तुम्ही. त्याला ठेवा, काम येत असेल तर चांगला पगार द्या, पण जॉइनिंग लेटरमध्ये एक ओळ टाका : जुन्या ठिकाणची कुठलीही फाइल, यादी किंवा डेटा मी आणलेला नाही आणि इथं वापरणार नाही. त्याची सही घ्या. अन् त्याला हेही विचारा, की तिकडून निघताना हिशोब पूर्ण झाला का, नोटिशीचे दिवस भरले का. पुढच्या व्हिडिओत वर्किंग पार्टनरचं डीड कसं करायचं, वाटा किती अन् कशावर धरायचा, ते घेतो. ज्यांना आपलं जुनं ॲग्रीमेंट दाखवायचं असेल त्यांनी नावं झाकून बॅचला घेऊन या.